चौथीची खुर्ची

अमेरिकी माहजाँगच्या नियमांत एक बारीकसं कलम आहे. टेबलाशी चौघींऐवजी तिघीच असल्या तरी डाव मांडता येतो. फक्त चार्ल्सटन करायचं नाही. चार्ल्सटन म्हणजे डावाआधीची देवघेव. आपल्याला नको असलेल्या तीन टाइल्स उजवीकडच्या बाईकडे पालथ्या सरकवायच्या आणि डावीकडून येतील त्या तीन उचलायच्या. मग तीन समोरचीला, मग तीन डावीकडचीला. सगळ्या राजी असल्या तर हीच फेरी उलट्या क्रमाने पुन्हा. एवढं झाल्यावर समोरासमोरच्या दोघींना आणखी एक, दोन किंवा तीन टाइल्स आपसांत बदलून घेता येतात. जोकर मात्र कुणी कुणाला द्यायचा नाही. चौघींच्या टेबलाशी हे सगळं उरकल्यावरच खेळाला तोंड फुटतं. तिघींत यातलं काहीच नाही. वाटलेल्या टाइल्स उचलायच्या आणि ज्याचं त्याने खेळायचं. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यावरून नजर फिरवून पुढे गेले. तिघींनी खेळायची पाळी आमच्यावर येईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

महाराष्ट्रात हा खेळ फारसा ठाऊक नाही. नौदलातल्या, लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या बायका खेळतात, मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत टेबलं लागतात, तेवढंच. बाकी लोकांना माहजाँग म्हटलं की कम्प्युटरवर सारख्या दिसणाऱ्या दोन-दोन टाइल्स उडवायचा तो एकट्याचा खेळ आठवतो. त्याचा आणि याचा संबंध टाइल्सवरच्या चित्रांपुरताच. खरं माहजाँग एकट्याने खेळताच येत नाही, आणि मला जे लिहायचं आहे ते त्याच्याचबद्दल आहे.

मी न्यू जर्सीत आले ती ऐंशीच्या दशकात, नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेलं, सांगलीला कॉलेजात शिकवलेलं. इथे नोकरी करायची परवानगी नाही. मुलगा लहान, नवरा सकाळी सातला बाहेर. शेजारच्या घरातली बाई एक दिवस हिरवळ तुडवत आली आणि दारातूनच विचारती झाली, "आकडे लक्षात राहतात का तुझ्या? आणि तीन तास एका जागी बसवतं का?" मी दोन्हीला हो म्हटलं. "मग मंगळवारी एक वाजता ये. जेवून ये. पोराला आण, खाली सोफ्यावर झोपेल."

खरी नावं मी लिहीत नाही. त्यांच्या लेकी-सुना अजून त्याच भागात राहतात. मनातल्या मनात मी त्यांना जी नावं ठेवली होती तीच इथे वापरते. हिरवळ तुडवत आलेली ती थोरली. ब्राँक्समध्ये वाढलेली, औषधांच्या दुकानदाराची बायको, बोलायला तुटक. दुसरी मास्तरीण: सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, पट्टीसारखी ताठ. तिसरी फरवाली. तिच्या नवऱ्याचं नेवार्कला फर कोटांचं दुकान होतं. तिच्या दोन्ही हातांत इतक्या बांगड्या असत की तिने टाइल उचलली की नुसत्या आवाजावरून कळे. चौथी फ्लोरिडाला गेली होती. त्या पिढीतल्या न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या ज्यू माणसांसाठी फ्लोरिडा ही जवळपास काशीच. एकदा गेलेलं माणूस परत येत नाही, फक्त संत्री पाठवतं. तिची खुर्ची मला मिळाली. पुढे १९८९ मध्ये एमी टॅनची 'द जॉय लक क्लब' ही कादंबरी आली. तिची सुरुवातच वारलेल्या आईच्या जागी मुलीला माहजाँगच्या टेबलाशी बसवतात तिथून होते. ती वाचताना मला माझी खुर्ची आठवली. माझ्या खुर्चीतली बाई सुदैवाने जिवंत होती, आणि दर मंगळवारी फोन करून 'ती नवी पोरगी कशी खेळते' असं विचारत होती.

कशी खेळत होते? वाईट. एकूण १५२ टाइल्स. बांबू, क्रॅक आणि डॉट असे तीन रंग, प्रत्येकात एक ते नऊ, प्रत्येक टाइल चारदा. शिवाय चार दिशांचे वारे, तीन जातींचे ड्रॅगन, आठ फुलं आणि आठ जोकर. पांढऱ्या ड्रॅगनला सगळ्या 'सोप' म्हणत, कारण तो साबणाच्या वडीसारखा कोरा असतो. चौघींनी आपापल्या पुढ्यात एकोणीस टाइल्सची दुमजली भिंत रचायची, फासे टाकायचे, भिंत फोडायची, तेरा-तेरा टाइल्स घ्यायच्या. मग एक उचलायची, एक नाव घेऊन टाकायची, आणि चौदा टाइल्सचा हात जुळवायचा. पण कुठला हात? ते एका घडीच्या कार्डावर छापलेलं असतं, आणि ते कार्ड दर वर्षी बदलतं. गेल्या वर्षीचं सगळं पाठांतर वाया. तुम्ही कितीही जुन्या खेळाडू असा, वसंतात नवं कार्ड आलं की सगळ्या पुन्हा बिगरीत. मला वाटतं, नवखीला त्या टेबलाशी जागा मिळाली ती यामुळेच. एप्रिलमध्ये मास्तरीणसुद्धा अडखळायची. अर्थात पंधरा दिवसांतच तिचं कार्ड पाठ व्हायचं. ते पालथं घालून ती आमच्याकडे दयेने बघत बसायची.

पैसे लावत. एखादा हात पंचवीस सेंटांचा, एखादा तीसचा, अवघड असला तर जास्त. जिने टाकलेल्या टाइलवर दुसरीचा हात जुळला तिने दुप्पट द्यायचे. एका बैठकीत पाच डॉलरच्या वर कुणी हरायचं नाही, ही टेबलाची मर्यादा. प्रत्येकीचा चिल्लरीचा बटवा वेगळा असे आणि त्यातले पैसे दुसऱ्या कशाला वापरत नसत. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा दोन तास कोपऱ्यात बसून बघत राहिली. घरी येताना म्हणाली, "जुगारच गं हा. पण भिशीपेक्षा बरा. भिशीत बायका एकमेकींच्या साड्या बघतात. इथं कुणी वर मानच करत नाही."

आईने पहिल्याच दिवशी पाहिलं ते समजायला मला बराच काळ जावा लागला. त्या टेबलाशी कुणी कुणाकडे बघत नसे. डोळे आपापल्या रॅकवर किंवा मधल्या टाकलेल्या टाइल्सवर. आणि बोलणं अखंड चालू. "थ्री बॅम. डॉक्टर म्हणतात गाठ काढावी लागेल." "सोप. कुठली गाठ?" "कॉल! सोप मला हवाय. स्तनातली गाठ." एवढं बोलून फरवाली बांगड्या वाजवत सोप उचलायची, तीन सोप रॅकवर उघडे मांडायची आणि एक टाइल टाकायची. मग मास्तरीण टाइल उचलता उचलता विचारायची की हॉस्पिटलात कोण नेणार, थोरली म्हणायची मी, आणि डाव पुढे. समोरासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून ती बातमी सांगायची असती तर फरवालीने सांगितलीच नसती. आपण मराठी बायका 'मन मोकळं करणं' म्हणतो तेव्हा रडणं, हात हातात घेणं, पाठीवरून हात फिरवणं असं सगळं गृहीत धरतो. इथे मन मोकळं करायला बायकांनी हातांना काम आणि डोळ्यांना दुसरी जागा नेमून दिली होती. मला ती रीत जास्त सभ्य वाटते. आजही वाटते.

थोरलीचा संच तिच्या आईचा. कॅटॅलिन या प्लास्टिकच्या त्या टाइल्स एके काळी पांढऱ्या होत्या. मी पाहिल्या तेव्हा त्या जुन्या तुपाच्या रंगाच्या झाल्या होत्या. तो संच बनला तेव्हा लीगच्या खेळात जोकर नव्हते. पुढे आले तेव्हा तिच्या आईने उरलेल्या फुलांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन जोकर केले. ते ठिपके अजून आहेत. आई न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅट्सकिलच्या डोंगरात उन्हाळा काढायची. ज्यू कुटुंबं तिथे छोटे बंगले भाड्याने घेत. बायका-मुलं सुट्टीभर तिथे, नवरे शुक्रवारी संध्याकाळी येणार आणि रविवारी रात्री शहरात परत. सोमवार ते शुक्रवार झाडांखाली टेबलं लागत. थोरली सांगायची, "आई कुठल्या टेबलाशी आहे हे आम्हाला दुरून टाइल्स आपटण्यावरून कळायचं, आणि हरतेय की जिंकतेय तेसुद्धा. हरत असली की आम्ही जवळ जात नव्हतो."

१९२० च्या दशकात अमेरिकेत या खेळाची लाट आली होती. ती ओसरली, आणि मागे घरागणिक वेगवेगळे नियम राहिले. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या काही बायकांनी, त्यांतल्या बहुतेक ज्यू, नॅशनल माहजाँग लीग काढली आणि सगळ्यांसाठी एक कार्ड छापायला घेतलं. महायुद्धानंतर हीच कुटुंबं ब्राँक्स-ब्रुकलिन सोडून उपनगरांत गेली. जिथे खालच्या मजल्यावर आई आणि वरच्या मजल्यावर बहीण राहायची तिथून निघून बायका एकदम हिरवळी लावलेल्या सुट्या घरांत येऊन पडल्या. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग माहजाँग नसतं तर काय केलं असतं त्यांनी? कार्डांची विक्रीही अशीच बायकांच्या हातून. सिनेगॉगचं महिला मंडळ सगळ्यांच्या मागण्या एकत्र करून लीगकडे पाठवणार आणि लीग त्याबद्दल मंडळाच्या धर्मादाय कामाला थोडी देणगी देणार. थोरली हे काम वर्षानुवर्षं करत होती. फेब्रुवारीत तिची वही निघायची.

मला त्या टेबलाने आपलं कधी म्हटलं हे ठरावीक तारखेने सांगता येणार नाही. पण एक प्रसंग सांगते. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेणाऱ्या टोळक्याचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. भारतीयांना आम्ही इथून हाकलून लावू, अशी उघड धमकी. डॉट म्हणजे आमच्या कपाळावरचं कुंकू. सप्टेंबरात होबोकनला नवरोज मोदी या तरुण पारशी बँक अधिकाऱ्याला टोळक्याने इतकं मारलं की चार दिवसांत तो गेला. आमचं गाव तिथून फार लांब नव्हतं. मी बाहेर जाताना टिकली काढून आरशाला चिकटवायला लागले. त्या मंगळवारी मी टिकली न लावता टेबलाशी बसले. कुणी काही विचारलं नाही. पहिल्या डावात मास्तरणीने दोन ठिपक्यांची टाइल टाकली, तोंड उघडलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "टू सर्कल." पुढच्या पाळीला फरवालीही म्हणाली, सर्कल. थोरलीनेही. टाकलेल्या टाइलचं नाव मोठ्याने घ्यावंच लागतं. जन्मभर 'डॉट' म्हणत आलेल्या त्या तीन बायका तो सगळा हिवाळा 'सर्कल' म्हणत राहिल्या. आपसांत त्यांनी काही ठरवलं होतं असं मला वाटत नाही. शेवटी एकदा मीच "फाइव्ह डॉट" म्हणून टाइल टाकली, आणि थोरली म्हणाली, "बरं झालं. मास्तरीण सर्कल म्हणताना तोतरी होते." त्या दिवशी टिकली माझ्या कपाळावर होती. त्यावरही कुणी बोललं नाही.

वडील गेले तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही. तिकीट मिळेपर्यंत सांगलीत सगळं उरकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिघी माझ्या घरी आल्या. त्यांच्याकडे मृत्यूनंतरच्या पहिल्या जेवणात उकडलेली अंडी आणि मसुरीची डाळ असते. गोल अन्न, ज्याला सुरुवात नाही की शेवट. थोरलीने डझनभर अंडी उकडून आणली होती. सुतकातल्या माणसाला उकडलेली अंडी! मी डाळ खाल्ली. अंडी नवऱ्याने आणि मुलाने तीन दिवस खाल्ली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौघी बसलो. त्या दिवशी टाइल्स आणणं त्यांना बरं दिसलं नसावं. पण टाइल्सशिवाय आम्ही कधी बसलोच नव्हतो. फरवाली बांगड्या मागेपुढे करत होती. मास्तरणीने टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सारख्या केल्या, पुन्हा केल्या. मी काहीच बोलू शकले नाही. परत आल्यानंतरच्या मंगळवारी मात्र, दुसऱ्या डावात, हातात तीन ईस्ट आणि डोक्यात कुठलाच हात नसताना, मी वडिलांबद्दल बोलायला लागले ते थांबलेच नाही. कृष्णेवर पोहायला शिकवताना ते मला दोरीने बांधत, पेन्शनच्या तारखेला सगळ्यांना पेढे आणत, सगळं सांगितलं. तिघी टाइल्स टाकत ऐकत होत्या. थोरली एवढंच म्हणाली, "तुझी पाळी."

पुढे ग्रीन कार्ड मिळालं आणि मला एका विमा कंपनीत नोकरी लागली. मंगळवारची दुपार गेली. मी खुर्ची सोडायची तयारी करून थोरलीकडे गेले, तर तिने दार उघडताच सांगितलं, "यापुढे सात वाजता." मास्तरणीला रात्री गाडी चालवायला भीती वाटायची, तिने वर्षभर कुरकुर केली आणि एकही मंगळवार चुकवला नाही.

त्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी हाँगकाँगची एक बाई होती. मी मोठ्या उत्साहाने तिला म्हटलं की मी माहजाँग खेळते. तिने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि सौम्यपणे सांगितलं की हे माहजाँग नव्हे. तिच्याकडे कार्ड नाही, चार्ल्सटन नाही, जोकर नाही. फुलं धरून १४४ टाइल्स आणि हात डोक्यात. मला जरा राग आला. मग तिच्यामुळेच मी या खेळाबद्दल वाचायला लागले. स्टँडर्ड ऑइलच्या नोकरीत चीनमध्ये राहिलेल्या जोसेफ बॅबकॉकने १९२० मध्ये इंग्रजीत नियमांचं पुस्तक काढलं, खेळाच्या नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि संच अमेरिकेत आणायला सुरुवात केली. मागणी इतकी वाढली की टाइल्ससाठी अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतली हाडं जहाजाने शांघायला जाऊ लागली. श्रीमंत अमेरिकी बायका चिनी झगे घालून, केसांत काड्या खोचून खेळायला बसत. आणि नेमक्या त्याच काळात चिनी माणसांना या देशाचं दार बंद होतं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली. ती १९४३ पर्यंत उठली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात चिनी माणसांना आठवडेच्या आठवडे, कधी महिने, अडवून ठेवत, आणि तिथल्या बराकींत वेळ काढायला ते माहजाँगही खेळत. खेळ इकडून तिकडे गेला, बदलला, यात मला काही गैर दिसत नाही. खेळ असेच फिरतात. माणसाला दार लावून त्याचा खेळ तेवढा आत घेणं मात्र मला खटकतं. हे मी एकदा टेबलाशी बोलून दाखवलं. थोरलीने टाइल उचलता उचलता विचारलं, "मग त्या तुझ्या हाँगकाँगवालीला कधी आणतेस?" तेव्हा आमच्याकडे खुर्ची रिकामी नव्हती.

ती रिकामी झाली मास्तरणीमुळे. एका चार्ल्सटनमध्ये तिच्याकडून मला तीन टाइल्स आल्या आणि त्यांत एक जोकर होता. जोकर देता येत नाही हे आमच्याकडच्या सोफ्यावरच्या पोरालाही माहीत होतं. मी गप्प राहून तो तिच्याकडे परत सरकवला. तिने हसून, चुकून झालं म्हणत, दुसरी टाइल दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. त्या वर्षीचं कार्ड तिने पालथं घातलंच नाही. नवऱ्याच्या, मुलाच्या लक्षात यायच्या कितीतरी आधी आम्हाला कळलं होतं, आणि कळूनही कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. फरवाली आपला हात मोडून तिला हव्या त्या टाइल्स टाकायला लागली. थोरलीने तिला स्वयंपाकघरात गाठून झापलं, "तिला जिंकवायचं नाही. ती आजारी आहे, लहान मूल नाही." थोरली नियमाची कडक होती. टाइल्सची संख्या चुकली की तो हात मेला. त्या बाईने हात आवरून बसायचं आणि डाव संपल्यावर पैसे द्यायचे. माझे हात तिने असे पुष्कळ मारले. पुढच्या हिवाळ्यात एका रात्री मास्तरणीच्या रॅकवर बाराच टाइल्स होत्या. मी मोजल्या, फरवालीने मोजल्या, थोरलीनेही मोजल्याच असणार. तिने भिंतीवरून आपली टाइल उचलली, "नाइन क्रॅक" म्हणून टाकली आणि डाव चालू ठेवला.

मास्तरीण येईनाशी झाल्यावर आम्ही तिघी खेळायला लागलो आणि तेव्हा ते कलम कामाला आलं. चौथी शोधली नाही असं नाही. दोघी-तिघी येऊन गेल्या. एक फार बोलायची आणि बोलताना आमच्याकडे बघायची. थोरलीने तिला दुसऱ्यांदा बोलावलं नाही. हाँगकाँगवालीला विचारलं तर तिचे मंगळवार नातवंडांकडे. आणि खरं सांगायचं तर आम्हालाच ती खुर्ची भरायची घाई नव्हती. तिघींचा डाव झटपट होतो. कोरडा होतो. कुणी कुणाला काही देत नाही. मिळालं त्यात भागवायचं. मग फरवालीचा नवरा गेला, तिने घर विकलं आणि तीही फ्लोरिडाला गेली. तिथल्या वसाहतीत चार टेबलं होती, ती मजेत होती. एका मंगळवारी तिच्याऐवजी तिच्या मुलीचा फोन आला. दोघींसाठीही खेळाचा एक प्रकार आहे, प्रत्येकीने दोन-दोन रॅक घेऊन खेळायचा. आम्ही तो करून पाहिला. थोरलीने अर्ध्यातच टाइल्स पेटीत भरल्या. म्हणाली, "याच्यापेक्षा पत्ते लावत बसेन." त्यानंतर मी मंगळवारी तिच्याकडे जायची आणि आम्ही टीव्ही बघायचो. टीव्ही बघतानाही माणसाला दुसऱ्याकडे बघावं लागत नाही; त्यामुळे बोलणं होत राहिलं.

शेवटची काही वर्षं ती वृद्धांच्या निवासात होती. मार्च २०२० मध्ये तिथलं दार बंद झालं. मी खिडकीबाहेर उभी राहायचे, ती आतून फोनवर बोलायची. काचेतून एकमेकींकडे सारखं बघत राहावं लागायचं आणि तेव्हा आम्हाला धड दोन वाक्यंही सुचायची नाहीत. त्या वर्षीची कार्डं एप्रिलच्या सुमारास टपालाने आली. कार्डावर दर वर्षी त्या-त्या सालाचे हात असतात, शून्यासाठी सोप वापरून. २०२० साठी किती सोप लागतील, याचा विचार ती आधीच्या हिवाळ्यापासून करत होती. तिचं कार्ड मी निवासाच्या दारात पिशवीत ठेवून आले. ते तिला मिळालं की नाही, कळायला मार्ग राहिला नाही. एप्रिल संपायच्या आत ती गेली. अंत्यविधी मी पडद्यावर पाहिला. दफनभूमीत मोजून थोडी माणसं, वाऱ्याने फडफडणारा आवाज, आणि बाकी आम्ही सगळे चौकोनी खिडक्यांत. सात दिवसांची त्यांची शिवा, ज्यात घरचे बसतात आणि गाव अन्न घेऊन येतं, तीही पडद्यावरच झाली. एवढी वर्षं मी त्या लोकांच्या दुःखात डाळ करून नेली होती; या वेळी न्यायला घर नव्हतं. माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं तेच आहे. मरण आलं याबद्दल तक्रार नाही, चौऱ्याण्णव वर्षांची होती. पण तिच्याबद्दल बोलायला आम्हाला एक टेबल हवं होतं, आणि ते नेमकं त्या वर्षी कुणालाच मिळत नव्हतं.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं खेळलीस, किती जवळच्या होत्या त्या? उत्तर देणं अवघड आहे. थोरलीचं लग्न कसं होतं, तिचा देवावर विश्वास होता का, मला ठाऊक नाही. तिला उत्तरेकडचा वारा कधी लागत नसे, घाबरली की ती फुलं धरून ठेवायची, जिंकायच्या आधी तिची डाव्या हाताची करंगळी हलायची, हे ठाऊक आहे. नातेवाइकांत माझ्याबद्दल एवढं ठाऊक असणारं कुणी नाही.

तिच्या मुलाची बायको इटालियन, कॅथलिक. सासू-सुनेचं फार सख्य नव्हतं. दोन वर्षांनी तिने संच माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाली, "फेकवत नाही आणि मला येत नाही." मी म्हटलं, संच घेईन, पण तू बसणार असशील तर. हाँगकाँगवालीची नातवंडं एव्हाना मोठी झाली होती; ती आली आणि अजूनही दर चार्ल्सटनला हे माहजाँग नव्हे असं पुटपुटते. चौथी आमच्या गल्लीतली मल्याळी नर्स, रात्रपाळी करून नुकतीच निवृत्त झालेली. तिला आकडे लक्षात राहतात आणि तीन तास बसवतं. सून अजून चुकते. परवा तिने जोकर दिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, ती शिकते आहे.

फेब्रुवारीची वही आता माझ्याकडे आहे. आमची चार कार्डं मी अजून थोरलीच्या सिनेगॉगच्या महिला मंडळातर्फेच मागवते, म्हणजे लीगची देणगी त्यांना जाते. आमच्या टेबलाशी आता ज्यू कुणीच नाही.